माउंटखालचा माणूस

काचेवर रक्त दिसलं तेव्हा मी आधी दुकानात इकडेतिकडे पाहिलं, कुणाचं आहे म्हणून. दुकानात मी एकटाच होतो. मग डाव्या हाताच्या करंगळीकडे लक्ष गेलं. पेरापासून खाली चांगली चीर पडली होती, रक्त तळहातावरून मनगटाकडे निघालं होतं, आणि करंगळी आपली निवांत. पस्तीस वर्षं काच कापतोय. काच लागते तेव्हा आधी कळ येते, मग शिवी, मग रक्त, असा क्रम ठरलेला आहे. त्या दिवशी पहिल्या दोन गोष्टी आल्याच नाहीत. मी बोट तोंडात घातलं. तोंडाला बोट कळलं, बोटाला तोंड कळलं नाही. हे कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. मी चिंधी गुंडाळली, शर्टाची बाही खाली ओढली आणि रस्त्यावरून कुणी पाहत नाही ना, ते पाहिलं. समोरचा झेरॉक्सवाला नितेश पाहत होता. तो नेहमीच पाहतो. मशीनपुढे उभं राहिलं की त्याचं तोंड माझ्या दुकानाकडेच होतं. पण त्या दिवशी मला वाटलं, हा मुद्दाम पाहतोय.

बाही मी वर्षभर खालीच ठेवतो आहे. रत्नागिरीच्या घामट हवेत पूर्ण बाह्यांचा शर्ट घालणारा माणूस एक तर वकील असतो नाहीतर काहीतरी लपवत असतो. माझ्या डाव्या कोपराखाली रुपयाएवढा एक फिकट डाग आहे. आधी वाटलं शिबं असेल. मग वाटलं उन्हानं असेल. मग मी वाटून घ्यायचं बंद केलं आणि बाही खाली घेतली. योगिनीनं, माझ्या बायकोनं, एकदाही विचारलं नाही की एवढ्या उकाड्यात बाह्या कशाला. हेही मला खटकत होतं. जी बाई मी केस विंचरताना भांग बदलला तरी विचारते, ती याबद्दल गप्प का?

आणि त्यात टेबलावर नेमकी ती चित्रं. चार दिवसांपूर्वी मनस्वी नावाची एक मुलगी रिक्षातून बारा फ्रेमा घेऊन आली होती. टेकडीवरच्या कुष्ठधामाला शंभर वर्षं होतायत, आता तिथे चार म्हातारे उरलेत फक्त, पण ऑफिसच्या माळ्यावर ही चित्रं सापडली, त्यांचं प्रदर्शन करायचं आहे, वाळवी लागलेल्या फ्रेमा बदलून द्या, असं तिचं काम. राजापूरकडचा कुणी ड्रॉइंग मास्तर होता म्हणे. त्याला रोग झाला, घरच्यांनी आणून सोडलं, आणि मरेपर्यंत तो तिथे चित्रं काढत राहिला. बोटं कामातून गेली तेव्हा ब्रश मनगटाला बांधून काढायचा. मी तिला विचारलं, मारुती मंदिराकडे तीन चकचकीत दुकानं सोडून माझ्याकडेच कशी आलीस? ती म्हणाली, "काका, फ्रेमांच्या मागे तुमच्याच दुकानाचं लेबल आहे. एकाहत्तर सालचं." म्हणजे माझ्या बाबांचं काम. बाबांना स्वतःच्या प्रत्येक मोठ्या कामाचं कोण कौतुक. कलेक्टरच्या बंगल्यातली तसबीर, शाळेतले सगळे पुढारी, एका आंबेवाल्याच्या आजोबांचा सहा फुटी फोटो, हे सगळं आम्ही जेवताना शंभर वेळा ऐकलेलं. या बारा चित्रांबद्दल मात्र एक अक्षर नाही. जाताना मनस्वी एका चित्रावर बोट ठेवून म्हणाली होती, "बाकी अकरांना चारी बाजूंनी जागा सोडलीय. यात डावीकडे कुणाचा तरी पाय अर्धा कापल्यासारखा वाटतो. माउंटखाली काही आहे का, बघाल?" माउंट म्हणजे काचेखाली चित्राभोवती बसवतात ती पुठ्ठ्याची कापलेली चौकट. मी बघतो म्हणालो आणि चार दिवस ते चित्र सगळ्यांत खाली ठेवलं.

तसल्या जागांची चित्रं मी याआधीही फ्रेम केली आहेत. माणूस काय फ्रेम करून घेतो त्यावरून मला माणूस कळतो असा माझा समज आहे, आणि तसली चित्रं लोक स्वतःच्या पुण्याईसाठी भिंतीवर लावतात. कुणी तेजःपुंज पुरुष रोग्याचे पाय धुतोय, उजेड सगळा धुणाऱ्यावर, रोग्याचं तोंड अंधारात. नाहीतर जुना साहेबी छाप. मोठं फाटक, नारळाची झाडं, घोड्यावर टोपीवाला, आणि रोगी म्हणजे भिंतीला टेकून ठेवलेली पांढरी गाठोडी. काढणारा फाटकाबाहेर उभा आहे हे लगेच कळतं, कारण त्यात फाटक सगळ्यांत मोठं असतं. मास्तरच्या चित्रांत फाटक करंगळीच्या नखाएवढं. लांब व्हरांड्याच्या टोकाला कुठेतरी, आणि त्यापलीकडे समुद्राची एक निळी रेघ. जवळ आहेत ती माणसं. एक जण विडी मागतोय, एक कोंबड्याला हुसकावतोय, दोघं सोंगट्या खेळताहेत आणि तिसरा त्यांना चुकीचं सांगतोय. पायांना पट्ट्या आहेत, पण मास्तरनं त्या पट्ट्या चप्पल काढावी तितक्याच सहज काढल्यात. मला ही चित्रं पाहवत नव्हती. गाठोडी परवडली. गाठोड्यांत कुणी ओळखीचं निघायची भीती नसते.

शेवटी त्या दिवशी, चिंधी बांधलेल्या बोटानं, मी ते चित्र उघडायला घेतलं. का तेव्हाच, ते सांगता येणार नाही. बहुतेक मला त्या पायाचा राग आला होता. मागचा तपकिरी कागद फाडला, गंजके खिळे उपसले. हार्डबोर्डवर कोपऱ्यात पेन्सिलीनं आमची खूण होती, दोन तिरप्या रेघा आणि खाली टिंब. बाबा प्रत्येक फ्रेमच्या मागे ती करायचे, मीही करतो. मूळची ती दुकानाची नव्हेच. बुरोंडीला आमची मासेमारी होती तेव्हा प्रत्येक घराची अशी वेगळी खूण असायची, जाळ्याच्या बोयांवर डागून काढलेली. बोये म्हणजे जाळं पाण्यावर धरून ठेवणारे लाकडाचे तरंगते तुकडे. वादळात दोघांची जाळी एकमेकांत गुंतली तर किनाऱ्यावर बसून खुणा बघून सोडवायची, भांडण नको म्हणून. दुसऱ्या घराची खूण कुणी लावत नाही. चोरसुद्धा लावत नाही, कारण गावात खपतच नाही. माउंट उचलला. खाली चित्राचा चार बोटं रुंद पट्टा पन्नास वर्षं ऊन न पाहिल्यानं ताजा राहिला होता. पायरीवर एक माणूस बसला होता. डाव्या पायाच्या अंगठ्यात जाळ्याची कड अडकवून, उजव्या हातात लाकडी सुई धरून तो जाळं विणत होता. हाताची शेवटची दोन बोटं आत वळलेली. जाळं लहान होतं, पिशवीएवढं. आंबे उतरवायच्या झेल्याला लावतात तसं. त्याच्या पायाशी एक बोया होता. झेल्याच्या जाळ्याला बोया लागत नाही. तो तिथे नुसता ठेवलेला होता, पूजेला सुपारी ठेवतात तसा. आणि मास्तरनं अगदी बारीक ब्रशनं त्याच्यावर दोन तिरप्या रेघा आणि खाली टिंब काढलं होतं. चित्राखाली साल होतं छप्पन.

माझा आजा जानू पन्नास साली दर्यात गेला. हे आमच्या घरातलं पहिलं वाक्य. देवाच्या आरतीआधी मला हे पाठ होतं. एकटाच होडी घेऊन गेला, दुसऱ्या दिवशी होडी रिकामी सापडली, महिनाभर वाट पाहिली, मग दर्भाचा पुतळा करून त्याची क्रिया केली. आमच्यात हे काही नवं नव्हतं. दर चार घरांआड एकाला दर्भाचा पुतळा करून जाळलेलं असायचं. दर नारळी पौर्णिमेला आमच्या घरचे दोन नारळ असत, एक दर्याचा आणि एक आजाचा, आणि बाबा दुसरा नारळ सोडताना दर्याकडे पाहायचे नाहीत. मला वाटायचं, त्यांना दर्याचा राग येतो. आता टेबलाशी उभा राहून मला कळत होतं की एवढं सोयीचं खोटं जगात दुसरं नसेल. शेतकऱ्याच्या घरी असं बोलता येत नाही. तिथे प्रेत लागतं. आमच्यात रिकामी होडी पुरते. ती होडी कुणी लोटली? आजी कमळानं? बाबा तेव्हा बारा वर्षांचे होते. बारा वर्षांच्या पोराला खांदा लावायला बोलावलं असेल?

एक वाजता योगिनी डबा घेऊन आली. तिची चाहूल लागली तसं मी चित्र पालथं घातलं. तिनं पालथं चित्र पाहिलं, मग चिंधी पाहिली.

"काय लागलं हो?"

"काच. आणखी काय लागणार इथे."

"दुखतंय?"

"दुखणारच की. काच आहे ती, मोरपीस नव्हे."

डबा उघडून तिनं बांगड्याचं कालवण माझ्यापुढे ठेवलं, उजव्या हाताच्या अगदी जवळ. नेहमी मधोमध ठेवते. मृणालीचा, आमच्या मुलीचा, फोन आला होता म्हणाली. सातवा लागला, पुढच्या महिन्यात बाळंतपणाला येईल, पाळणा वरच्या माळ्यावरून काढा, दोरी तपासा. मी हो म्हणालो. घास घेताना मी तिच्याकडे पाहत होतो आणि ती रस्त्याकडे पाहत होती. माझ्या डोक्यात एकच चाललं होतं. ते पोर येईल, त्याला कुणीतरी माझ्या हातात देईल, घ्या आजोबा म्हणून, आणि मी काय करीन? मी नाही म्हटलं तर का विचारतील. मी हो म्हटलं तर कळूनसवरून. आमच्यात शहाण्यासारखं एक तरी माणूस असतं ना, असं मला वाटलं आणि रडू आलं. ठसका लागल्याचं सोंग केलं. योगिनीनं पाणी दिलं. पेला तिनं माझ्या हातात दिला नाही, टेबलावर ठेवला. का ठेवला?

ती गेल्यावर मी दुपारभर काहीच केलं नाही. गिऱ्हाईक आलं तर उद्या या म्हणालो. एकदा संशयाची सुरी हातात आली की माणूस आधी स्वतःचं बालपण कापायला घेतो. आजी कमळा. पांढरं कपाळ, जाड आवाज, कमरेला चंची. ती विधवा होती आणि वटपौर्णिमेला दरवर्षी तिचं पोट बिघडायचं. "आज काय जेवत नाय मी, पोटात कसंतरी व्हतंय," आणि दिवसभर नुसत्या पाण्यावर. आई हसायची, म्हणायची सासूबाईंच्या पोटाला पंचांग कळतं. मी सहा-सात वर्षांचा असताना ती महिन्यातून एकदा मला बरोबर घेऊन टेकडीच्या रस्त्यानं जायची. डोक्यावर सुकटीची आणि सुक्या बोंबलांची टोपली. वर एक गिऱ्हाईक आहे म्हणायची. गावात एवढी घरं सोडून हिला टेकडीवरच गिऱ्हाईक का, हे मला सात वर्षांचा असताना सुचलं नाही, ठीक आहे. पण सत्तावनचा होईपर्यंत सुचू नये? रस्त्याला एक मोरी होती. तिथे ती मला लिमलेटची गोळी द्यायची आणि बसवून एकटी वर जायची. पण त्याआधी दर वेळी एक प्रकार व्हायचा. ती मला मोरीच्या कठड्यावर उभं करायची, माझी विजार वर ओढायची, थुंकी लावून केस बसवायची आणि टेकडीकडे तोंड करून म्हणायची, "सरळ उभा ऱ्हा. हात वर कर. आणखी वर." मी हात वर करून उभा राहायचो. हात दुखायला लागायचा. ती वर बघत राहायची, मग म्हणायची, "ऱ्हाऊं दे. झालं." मला वाटायचं, ती माझी उंची बघते.

वर फाटक होतं. फाटकाशी कुणीतरी असायचं की नाही, हे मला आठवत नाही. मी खूप प्रयत्न केला. डोळे मिटून टेकडी आणली, करवंदीची जाळी आणली, लाल जांभ्याची भिंत आणली, फाटकही आणलं. पण फाटकाशी जे उभं राहतं ते मास्तरच्या चित्रातलं, आजच पाहिलेलं, आणि माझाच माझ्यावर विश्वास बसत नाही. तो होता की नव्हता? हात कुणी केला का परत? आम्ही बुरोंडी सोडून रत्नागिरीला का आलो, याचं उत्तर घरात तयार असायचं, विठूला दर्या मानवत नाही म्हणून. विठू म्हणजे माझे बाबा. सगळं बिऱ्हाड उचलून एक बाई पोराच्या फ्रेमांच्या धंद्यासाठी परगावी येते, हे कुणाला खटकलं नाही. आम्हाला सगळ्यांनाच न खटकण्याची सवय लागलेली.

पाच वाजता मी केळशीला आत्याला फोन केला. बाबांची ही एकच बहीण, आजा गेला तेव्हा पोटात होती. आता पंचाहत्तरीची, ऐकू उत्तम येतं, पण नको असेल तेव्हा येत नाही.

"आत्या, मी बाळा बोलतोय. आजा कधी गेला?"

"कुणाचा?"

"माझा. तुझा बाप."

"दर्यात गेला. तुला ठावं नाय?"

"छप्पन साली तो टेकडीवर बसून जाळं विणत होता. माझ्यासमोर चित्र आहे. शेजारी आपला बोया आहे."

फोनमध्ये वारा वाजत होता. ती पडवीत बसली असणार. मग म्हणाली, "कुणी दिलं तुला तां चित्र?"

"बाबांनीच फ्रेम केलंय. आणि आजाला माउंटखाली झाकलंय. स्वतःच्या बापाला. तो वर जिवंत असताना!" माझा आवाज चढला होता. नितेशनं मान वर केली.

"वरडू नको मेल्या," आत्या म्हणाली. "एकाहत्तर साली माझं लगीन ठरलं व्हतं. केळशीचं घर. त्यांचो एक मानूस त्या धामात औषधं पोचवायचा, रोज ऑफिसात बसायचा. चित्रं थयच लागणार व्हती. त्यानं तो बोया बघितला असता तर खूण वळखली असती. विठूदादा वर गेला, आबाला इचारलं. आबाच बोलला, विठू, मना झाक. पोरीचं लगीन होऊं दे, मग उघड."

"मग?"

"मग काय. ऱ्हायलं."

"किती वर्षं राहिलं? तो कधीपर्यंत होता तिथे?"

"शहात्तरपर्यंत," ती म्हणाली. साल तिला अगदी तयार होतं. "बाळा, तुला एकदा बघितलंय त्यानं. एकदा कशाला, धा-पंधरा येळा. आये सांगायची. बोलायचा, पोराचा हात माझ्यासारखा हाय, लांब." आणि एकदम करड्या आवाजात, "तुझ्या हाताला काय झालंय काय?"

मी फोन ठेवला. हे तिला कुणी सांगितलं? आणि मना झाक हे आजा खरंच म्हणाला, की ही म्हातारी आता मेलेल्या भावाला झाकतेय? आमच्या घरात प्रत्येक जण कुणाला तरी झाकतो आणि तेही प्रेमानं, त्यामुळे रागवायची सोय नाही. पण मला राग आला. आजा त्या ऑफिसात गेला असेल. भिंतीवर आपली जागा शोधली असेल. सोंगट्यावाले जागच्या जागी, कोंबडा जागच्या जागी, आणि आपला नुसता अर्धा पाय. लग्न झालं, वर्ष गेलं, दुसरं गेलं. रोज येता-जाता त्यानं त्या माउंटकडे पाहिलं असेल, आज उघडतो का उद्या. आणि बाबा? त्यांनी एवढा चोख हात असताना तो पाय का सोडला? झाकायचं तर पुरतं झाकायचं. एक बोट उजवीकडे सरकवला असता माउंट, की संपलं असतं. मी पट्टी लावून मोजलं. चूक नव्हती. कापलेली कड सरळ, कोपरा काटकोनात. ज्या माणसानं हे कापलं त्याला पाय दिसत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकानात आलो आणि आधी बाबांच्याच मापाचा माउंट कापला. हे सांगायला हवं. त्या वेळी ते मला शहाणपणाचं वाटलं. पुढच्या महिन्यात मृणाली येणार, प्रदर्शनाला सगळं गाव लोटणार, फोटो मोबाइलवर फिरणार, कुणीतरी विचारणार ही खूण कुठे बघितलीय बरं, आणि मग माझी बाही. झाकावं, बाळंतपण होऊं दे, मग उघडू. हे वाक्य मनात पुरं झालं आणि ते कुणाचं आहे ते मला कळलं. मी तो माउंट मोडून टोपलीत टाकला. नवीन बोर्ड घेतला, चारी बाजूंना बोटभर जागा सोडली आणि कापला. डाव्या हातानं पट्टी दाबून धरताना करंगळी कुठे आहे ते डोळ्यांनी पाहावं लागत होतं.

अकराला मनस्वी आली. चित्र पाहून तिनं तोंडावर हात ठेवला. "काका, हा माणूस इतकी वर्षं आत होता? कुणी झाकला?"

"काम करणाऱ्यानं," मी म्हणालो.

"यातल्या कुणाचीच नावं नाहीत हो. रजिस्टरं पावसात गेली. निदान एक जरी नाव मिळालं असतं तर खाली पाटी लावली असती." ती वाकून बोया बघत होती. मग हार्डबोर्ड उलटा करून मागची खूण बघायला लागली. ती हुशार होती, तिला काही वेळानं कळणारच होतं. किंवा आधीच कळलं होतं आणि ती माझ्या तोंडून काढू बघत होती. मी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तिथे नुसतं कुतूहल होतं, आणि मला ते ओळखताही येत नव्हतं, इतका मी सडलो होतो. दाराशी योगिनी डबा घेऊन उभी होती. आज दोन तास लवकर. पलीकडे नितेश. मी म्हणालो, "जानू. बुरोंडीचा."

"तुमच्या ओळखीचे?"

"माझा आजा. मला बघायला फाटकापर्यंत यायचा."

मनस्वीनं ते वहीत लिहून घेतलं, हळू, एकेक अक्षर. मग दुपारनंतर रिक्षा घेऊन येते म्हणून गेली. योगिनी आत आली, डबा ठेवला आणि दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं. मी म्हणालो, भर दिवसा लोक काय म्हणतील. ती म्हणाली, "बाही वर करा."

मी केली. तिनं डाग पाहिला. तिला तो नवीन नव्हता हे तिच्या पाहण्यावरून कळलं. "गेल्या शिमग्याला तुम्ही चहाचं पातेलं डाव्या हातानं उतरवलंत. फडकं न घेता. आणि मला विचारलंत, साखर किती घातलीस," ती म्हणाली. "तेव्हापासून बघतेय. आज सांगतील, उद्या सांगतील. कालही विचारलं, दुखतंय का. दुखतंय म्हणालात. मग रात्री आत्याचा फोन, हात बघ त्याचा. मीच म्हटलं होतं तिला मागे एकदा. कोणाशी तरी बोलायला नको मला?" तिचा आवाज फुटला, पण तिनं तो लगेच बांधला. "घरोघरी औषधं द्यायला येते त्या आशाताईला मी आपल्या वाडीतलं कोणीतरी म्हणून विचारलंय. कोपर टेबलावर टेकून टेकूनही नस दबते म्हणाली. आणि तो रोग असला तरी गोळ्या आहेत. फुकट. वर्षभर घ्यायच्या. आता कोण कोणाला टेकडीवर सोडत नाही हो. पण आधी डॉक्टरला सांगायला नको? काय सांगणार आहात, दुखतंय म्हणून? डोळे मिटा."

काच साफ करायचा मऊ ब्रश तिनं उचलला. डॉक्टर असंच बघतात म्हणाली, टेकवलं की हो म्हणायचं. मी डोळे मिटले, डावा हात टेबलावर ठेवला. तळव्याला ब्रश लागला. हो. अंगठ्याला. हो. मनगटाला. हो. मग काहीच नाही, पण तिच्या बांगड्या किणकिणल्या, आणि मी म्हणालो, हो. पुन्हा किणकिण. हो. माझ्या घराण्यातला मी, मला कुठून खूण मिळते ते बरोबर कळतं. तिसऱ्यांदा मी हो म्हणालो तेव्हा ती थांबली. मग टेबलावरच्या काचेवर काहीतरी ठेवल्याचे आवाज, एक, दोन, तीन, चार. तिनं बांगड्या उतरवल्या होत्या. लग्नाला तीस वर्षं झाली, कासारानं नव्या भरताना सोडून तिचा हात मी कधी मोकळा पाहिला नाही. आंघोळीला काढत नाही, मृणालीच्या वेळी सलाइन लावताना नर्सशी भांडली होती. मी डोळे उघडणार होतो, पण ती म्हणाली, "उघडू नका."

शटरखालून रस्त्याचा आवाज येत होता. माझ्या मिटल्या डोळ्यांपुढे मोरीचा कठडा आला आणि वर केलेला हात दुखू लागला, तो उजवा. मी वाट पाहत होतो. काहीच होत नव्हतं. ती अजून ब्रश टेकवायचीच असेल. की टेकवला? हो म्हणावं, असं जिभेवर आलं. सवयीनंच आलं.

"कळतंय काही?" तिनं विचारलं. आवाज फार जवळून आला.

"नाही," मी म्हणालो. "योगिनी, काही कळत नाही."

डोळे उघडले. ब्रश टेबलावर पडलेला होता. माझी करंगळी आणि शेजारचं बोट तिनं आपल्या दोन्ही मुठींत घट्ट आवळून धरलं होतं, चिंधीतून पुन्हा रक्त येईपर्यंत, कधीपासून कोण जाणे.